पहाडात पूर आलाय, मेडिकल मदतीला जायचंय. कसं जावं?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. हिमालयातल्या पुराच्या बातम्या बघून चार दिवस झोप नीट नाही, शेवटी आज सुट्टी टाकली. माझ्याबरोबर एक एमबीबीएस मित्र आणि एक फार्मासिस्ट मैत्रीण आहे. ओळखीच्या डॉक्टरांकडून फिजिशियन सॅम्पल (कंपन्या डॉक्टरांना फुकट देतात ती औषधं) गोळा करून दोन खोकी भरलीयेत, अँटिबायोटिक आहेत, कफ सिरप आहेत, मल्टीव्हिटॅमिन तर भरपूर. परवा निघावं असं डोक्यात आहे. तिथे पोचल्यावर कुणाला भेटायचं? अजून काय न्यावं? आणि उंचीचा त्रास मला होईल का, कारण मी आजवर एकही मोठा ट्रेक केलेला नाहीये. घरचे नको म्हणतायत ते वेगळंच.

वाटाड्या
ताई, स्पष्टच बोलतो, राग मानू नका. परवा जाऊ नका. सुरुवातीचे दिवस लष्कर, एनडीआरएफ आणि तिथल्याच लोकांचे असतात. रस्ता तुटलेला, एकाच बाजूने गाड्या सोडतायत आणि त्यात तुमची गाडी अडकली की वर जाणारं डिझेल, तंबू सगळं तुमच्या मागे थांबणार. हेलिकॉप्टरची सीट तर विचारूच नका, तुम्ही बसलात म्हणजे एक पेशंट किंवा धान्याची पोती मागे राहिली.

पूर दवाखान्यांनाही सोडत नाही हे लोक विसरतात. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा जिल्हा रुग्णालयातच चिखल शिरला होता. म्हणजे 'सिरियस पेशंट मोठ्या हॉस्पिटलला पाठवू' हे जे आपण गृहीत धरतो ते मोठं हॉस्पिटलच बंद. म्हणून आधी जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ऑफिसला फोन करा, तीन जण आहोत, अमुक शिकलोय, अमुक तारखांना मोकळे आहोत, रजिस्ट्रेशनच्या कॉप्या मेल करतो, एवढंच सांगा. ते म्हणाले 'आत्ता नको' तर आत्ता नको. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते, कॅमेरे गेलेले असतात, बाहेरच्या टीम परतलेल्या असतात आणि पीएचसीतला (प्राथमिक आरोग्य केंद्रातला) एकटा डॉक्टर उभ्या उभ्या झोपत असतो.

आणि काम काय असतं ते पण सांगतो. मी गेलो होतो त्या कॅम्पात वाटलं होतं जखमी येतील. रांगेत पहिल्याच आजी आल्या त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन, तेही कोपरा कापलेलं, नाव अर्धं गेलेलं, चिखलाने वाळून कडक झालेलं. "यही वाली, सफेद, छोटी." बीपी मोजलं तर २०० च्या वर. घर वाहून गेलं त्यात गोळ्या पण गेल्या, इतकं साधं. दिवसभर तेच, बीपी, शुगर, फिट्सच्या गोळ्या, टीबीचा कोर्स मध्येच तुटलेला. सलाईन लावण्याची वेळ क्वचित आली.

गोळीवाली
वाटाड्यांना +१. मी फार्मसीवाली, त्यामुळे खोक्यांबद्दल बोलते. चांदणवेल, ती सॅम्पलची खोकी नेऊ नका प्लीज. दहा कंपन्यांच्या दहा नावांच्या चार-चार गोळ्या, निम्म्यांची एक्स्पायरी जवळ आलेली, हे तिथे कुणीतरी बसून निवडायचं, त्याला माणूस कुठून आणायचा? डब्ल्यूएचओच्या औषधदानाच्या गाइडलाइन्स आहेत, त्यात साफ लिहिलंय की मागितलेलीच औषधं पाठवा, लेबलवर जेनेरिक नाव (कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव) हवं, पोचल्यापासून किमान एक वर्ष एक्स्पायरी बाकी हवी आणि फ्री सॅम्पल तर नकोतच. हे नियम हवेतून आलेले नाहीत. १९९२ ते १९९६ मध्ये बोस्नियात आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त कामाची नव्हती, ती नष्ट करायचाच खर्च डोक्यावर बसला. तुमची मल्टीव्हिटॅमिन आणि कफ सिरपची बाटली त्याच रांगेतली आहे हो.

त्यापेक्षा ऑफिसकडून यादी मागा. बहुतेक वेळा अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची), मेटफॉर्मिन (शुगरची), पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, खरजेचं मलम, सॅनिटरी पॅड असं कंटाळवाणं काहीतरी निघतं. ओआरएसचं मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी, आणि कॅम्पात लिटरचं माप नसतं, म्हणून एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवा आणि आयांना पाकिटाबरोबर बाटली पण द्या. झिंक सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिग्रॅ, त्याखालच्याला १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले की आया गोळी बंद करतात, तिथे जरा मागे लागावं लागतं.

इन्सुलिन नेणार असाल तर एक लक्षात ठेवा, पहाडात भीती उन्हापेक्षा थंडीची. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर अगदी नॉर्मल दिसू शकतं पण ते वापरायचं नसतं. रात्री बॅग तंबूच्या कडेला न ठेवता जॅकेटच्या आत, अंगाजवळ.

नदीपल्याड
मला हे 'थांबा थांबा' पूर्ण पटत नाही. पूल गेला की पलीकडच्या गावात सरकारी टीम पोचायला किती वेळ लागतो ते आम्ही बघितलंय. तोपर्यंत तिथे जो कोणी ड्रेसिंग करू शकतो तो देवमाणूस. सगळ्यांनी परवानगीची वाट बघत बसायचं का मग?

वाटाड्या
@नदीपल्याड, पलीकडच्या गावात जो आधीच आहे त्याने बघत बसू नये हे शंभर टक्के मान्य. पण ताई शेकडो किलोमीटरवरून येणार आहेत आणि त्यांनी एकही ट्रेक केलेला नाही. त्यांना दोर धरून नाला पार करायला लावायचं आणि पाय मोडला तर उचलायला चार माणसं परत त्याच गावातली. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कडेलोट
डॉक्टर आहे, ट्रेकिंगचं वेड आहे, म्हणून उंचीवर लिहितो. २५०० मीटरच्या वर कुणालाही त्रास होऊ शकतो, फिटनेसचा संबंध नाही, उलट जिमवाले जास्त घाईत चढतात आणि पडतात. लेह साधारण ३५०० मीटर, केदारनाथ पण तेवढंच. गाडीने थेट तेवढ्या उंचीवर गेलात तर पहिले दोन दिवस काम करायचंच नाही, कितीही अपराधी वाटलं तरी. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची का ते आपल्या डॉक्टरला विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. डोकं दुखतंय आणि चालताना झोक जातोय असं झालं तर गोळी खाऊन झोपू नका, खाली उतरा.

जखमांचं सांगतो कारण शहरातला हात लगेच सुईकडे जातो. पुराच्या पाण्यातली, चिखल भरलेली जखम लगेच शिवू नका. भरपूर धुवा, मेलेला भाग काढा, उघडी ठेवून ड्रेसिंग करा, टिटॅनस द्या, स्वच्छ राहिली तर तीन ते पाच दिवसांनी शिवा. लोक चिडतात, "टाके पण घातले नाहीत" म्हणतात. चिडू दे.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीनची गोळी टाकून उपयोग कमी, आधी निवळू द्या, फडक्याने गाळा. उकळत असाल तर एवढ्या उंचीवर उकळी फुटल्यावर तीन मिनिटं ठेवा, कारण तिथे पाणी १०० डिग्रीच्या बरंच आधी उकळतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'मृतदेहांमुळे साथ येणार' असं फिरायला लागेल, तर पूर किंवा भूकंपात दगावलेल्यांच्या देहांमुळे सहसा साथ येत नाही. साथ येते ती घाण पाणी आणि गर्दीमुळे. त्या भीतीपायी ओळख न पटवता घाईत अंत्यसंस्कार होतात, घरच्यांना मग मृत्यूचा दाखला पण मिळत नाही.

चांदणवेल
सगळ्यांचे आभार, खरंच. रागबिग काही नाही. खोकी परत करतेय, मैत्रीण आधीच ओरडली होती त्यावरून. ऑफिसला फोन लागला, तीन आठवड्यांनी या म्हणाले आणि बीपीची मशीन आणि जास्तीचे सेल आणा, बाकी नको. सुट्टी पुढे ढकलायला मेट्रनला मनवतेय. एकच प्रश्न उरलाय, आम्ही आठवड्यात परत येणार, मग ज्यांच्या गोळ्या चालू केल्या त्यांचं पुढे काय?

गोळीवाली
म्हणून महिन्याच्या गोळ्या द्या, पाच दिवसांच्या नाही. आणि पहिल्याच दिवशी तिथल्या आशा ताईंना बरोबर घ्या. कुणाचं घर गेलं, कोण भावाकडे राहायला गेलं, कुणाला कितवा महिना लागलाय हे त्यांना तोंडपाठ असतं. रजिस्टर हिंदीत लिहा, गोळीचं जेनेरिक नाव, डोस, शेवटचं बीपी, आणि निघताना मूळ वही पीएचसीत ठेवा, फोटो तुमच्याकडे. बऱ्याच टीम उलटं करतात.

कडेलोट
सेल लिथियमचे घ्या, साधे थंडीत लवकर बसतात. आणि बीपी मशीनचे कफ (दंडाला बांधायचे पट्टे) दोन साइजचे न्या, लहान मुलांचा वेगळा.