अद्ययावत की अद्यावत? (की फेरफार?)

तापीकाठ, अमळनेर: ग्रामपंचायतीच्या फलकाचा मजकूर लिहितोय. माहितीचा अधिकार अधिनियम 2005, कलम 4. सतरा बाबी कार्यालयाने न मागता जाहीर करायच्या आणि दरवर्षी ‘अपडेट’ करायच्या. मी ‘अद्ययावत’ लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले, एक ‘य’ जास्तीचा पडला!

मोडीवाचक: अद्य + यावत्, म्हणजे आजपर्यंत. दोन्ही ‘य’ हवेत. ‘अद्यावत’ हा शब्दच नाही.

केळीबाग, रावेर: नसेना का, अर्ध्या जिल्ह्याच्या फलकांवर तोच आहे. आणि खाली ‘दि.’पुढची जागा कोरी. ‘आजपर्यंत’ म्हणजे कोणत्या आजपर्यंत? जमिनीच्या कागदाला आमच्याकडे कोणी अद्ययावत म्हणत नाही. फेरफार झाला का, नाव लागलं का, असंच विचारतात. आजोबा गेले तेव्हा तलाठी आप्पांनी (पद आता ग्राम महसूल अधिकारी, पण आप्पा ते आप्पाच) त्यांच्या नावाला कंस केला, खाली वारसांची नावं आणि शेजारी फेरफार क्रमांक. जुनं नाव आजही वाचता येतं. फलकावरचं जुनं मात्र पुसलं की गेलं.

शुद्धलेखक: म्हणून पारदर्शकतेच्या फलकावर ‘फेरफार’ लिहिणार? ‘हिशेबात फेरफार’ म्हणजे काय ते गाव जाणतं. ‘नूतनीकरण’ लिहा.

केळीबाग, रावेर: नूतनीकरण लायसनचं होतं, दादा. आणि गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवहीच. तिथे त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. लबाडी अशी नोटीस काढून करतात का?

मोडीवाचक: ‘फेर’ फिरण्यातला. ‘फार’ मला फारसी वाटतो.

शुद्धलेखक: तुम्हाला सगळंच फारसी वाटतं. हेराफेरीसारखी नुसती जोडी आहे ती.

पांझराकाठ, धुळे: ‘नाव लागलं’ हे रावेरकडचं. आमच्याकडे ‘सातबारावर नाव चढनं का भो?’ लागते ती नजर.

केळीबाग, रावेर: चढतं ते कर्ज!

पांझराकाठ, धुळे: तेही सातबारावरच, इतर हक्कात.

तापीकाठ, अमळनेर: मंडळी, पेंटर ब्रश घेऊन बसलाय. ‘य’ एक की दोन?

शुद्धलेखक: आधी हे सांगा, ‘फलक’ असताना तुमच्या पेंटरला रंगारी का म्हणत नाही?