मदत हवी आहे : बॉक्सिंगच्या बातमीसाठी फेरीनिहाय गुण कुणाकडून मिळवायचे?

मंडळी, साताऱ्यात एका दैनिकासाठी क्रीडा वार्तांकन करतो. २०२२ ची महाराष्ट्र केसरी इथे झाली तेव्हापासून मुख्यतः कुस्तीच. आता बॉक्सिंगही माझ्याकडे आलंय. कुस्तीत गुण फलकावर लगेच दिसतात. इथे पाच पंच, तीन फेऱ्या, फेरी जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा कमी, आणि हे सगळं त्यांच्यापाशीच. शेवटी रेफ्री हात उंचावतो आणि कानावर येतं फक्त ‘४-१’. तेही गुण नव्हेत, पंचांचा कौल (डेस्कवर हे दरवेळी समजावावं लागतं).

नियम वाचलेत, जुन्या लढती बघून स्वतः गुण देण्याचा सराव चालू आहे. आयोजकांकडून निकालपत्रक मिळतं, त्यात नाव आणि निकाल एवढंच. प्रशिक्षकांना विचारलं तर प्रत्येकाचाच पोरगा जिंकलेला असतो! बातमी रात्री साडेनऊपर्यंत द्यायची, सोबत फोटोग्राफर नाही.

जिल्हा-राज्य पातळीवर बॉक्सिंग कव्हर केलेल्यांनी सांगा: ३-२ सारख्या निकालात पंचांचे फेरीनिहाय गुण पत्रकाराला बघायला मिळतात का? मिळत असतील तर रिंगजवळ नेमकं कुणाला गाठायचं, आणि लढतीनंतर लगेच की सत्र संपल्यावर?