‘फ्लॅट माझा, परवानगी कसली?’ म्हणणाऱ्यांसाठी

चिडका_खजिनदार
काल इथे एका पठ्ठ्याने लिहिलं: "फ्लॅट माझा, पैसे माझे. हॉल-किचनमधली भिंत पाडली, किचनमागच्या धुण्या-भांड्याच्या ड्राय बाल्कनीत टॉयलेट बांधलं, कुणाला विचारलं नाही. दीड महिन्यात काम खलास." खाली नुसत्या टाळ्या! म्हणून लिहितोय.
आमची कोथरूडची इमारत १९८७ची. दुसऱ्या मजल्यावर एकाला असाच मोकळा हॉल हवा होता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पार्टिशनच आहे." ब्रेकर लावल्यावर बीमच्या बुडाचं काँक्रीट उडालं, सळया उघड्या पडल्या. यांनी काय केलं? पीओपी मारून झाकलं. तीन पावसाळ्यांनी पीओपीला तडा गेला, तेव्हा आत सळी फुगून तिचे पापुद्रे सुटत होते. बोटाने निघत होते, मी स्वतः काढलेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवायला काय झालं होतं?

हातोडा
तो पठ्ठ्या मीच. एमआरटीपी, म्हणजे राज्याचा नगररचना कायदा १९६६, कलम ४३ वाचा साहेब. काम फक्त आतलं असेल, बाहेरून रूप फारसं बदलत नसेल, तर त्याला परवानगी लागत नाही. आणि मी विचारायला गेलो होतो बरं का. एका टेबलावर म्हणाले मूळ मंजूर नकाशा आणा. तो बिल्डरकडे, आणि बिल्डर कधीच वर गेला. दुसऱ्या टेबलावर म्हणाले आर्किटेक्टमार्फत या. आर्किटेक्टने सांगितलेल्या फीमध्ये माझ्या ओट्याचं ग्रॅनाइट आलं.

चिडका_खजिनदार
सोयीचं तेवढंच वाचलंत. महापालिका अधिनियम १९४९, कलम २५४ पण बघा. राहण्यापुरती किरकोळ दुरुस्ती वेगळी. इमारतीचा भाग काढायचा-बदलायचा तर आयुक्तांना नोटीस द्यावी लागते. शिवाय सोसायटीची लेखी परवानगी. नकाशाच्या बाबतीत मात्र तुमचं खरं आहे, आम्हालाही मिळाला नव्हता.

खालचा_मजला
कलमं राहू द्या हो. ड्राय बाल्कनीत टॉयलेट?? आमच्या वरच्यांनी हेच केलंय. टॉयलेटला सन्क स्लॅब लागतो, म्हणजे बाकी फरशीपेक्षा खाली उतरवलेला, त्यात वॉटरप्रूफिंग, वर ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. बाल्कनीचा स्लॅब सपाट! मग पाइप लपवायला फरशी वीतभर उचलली. पाणी उतरलं थेट आमच्या ओट्यावर. चार महिने प्लास्टिक बांधून त्याखाली पोळ्या केल्यात. आईला अजून सवय आहे, कुकरचं झाकण काढायच्या आधी वर बघते. वरच्या काकू म्हणाल्या, "ओल आहे गं, उन्हाळ्यात वाळेल."

नुसताच_वाचक
वाळली का?

खालचा_मजला
मे महिन्यात बुरशी आली.

चिडका_खजिनदार
सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीकडे, टॉयलेट-सिंकची ज्याची त्याने काढायची. कमिटीला लेखी द्या.

खालचा_मजला
दिलंय. वरचे काका कमिटीत आहेत.

कसब्यातला
तुमच्या गळत्या चालू द्या. आमचं घर शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत. वाडा संरक्षित स्मारक, म्हणून नवीन बांधकाम बंद, २०१० पासून तर थेट स्मारकांच्या कायद्यातच. दुरुस्तीलाही वेगळी परवानगी. मागची मातीची भिंत पोट काढून उभी आहे, तिला टेकू लावलाय आणि टेकूला आता पालवी फुटलीय. कोथरूडवाल्यांनी फ्लॅटच्या भिंतीवरून रडू नये.

हातोडा
दादा, तुमच्यापुढे हात टेकले. पण वाड्याचा नि माझ्या टॉयलेटचा संबंध काय? माझ्या ड्राय बाल्कनीखाली कुणी राहत नाही, खाली पार्किंग आहे.

खालचा_मजला
म्हणजे कुणाच्या तरी गाडीवर गळणार.

हातोडा
अजून काही गळत नाहीये!

चिडका_खजिनदार
बीम दाखवलात का कुणाला?

हातोडा
बरं बाबा, दाखवतो. इंजिनिअरचा नंबर पाठवा, फी पण तुम्हीच भरा, एवढी कळकळ आहे तर. टॉयलेटला मात्र हात लावणार नाही.

नुसताच_वाचक
पण त्या पार्किंगमध्ये गाडी कुणाची?

हातोडा
चेअरमनची.