मदत हवी आहे: नंबर −८, लेसिक किंवा स्माईल केल्यावर डोळ्याच्या पडद्याच्या रक्तप्रवाहावर परिणाम होतो का?

सातारी_तर्री

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लावते आहे, पण तपशील दिले नाहीत तर सगळे "डॉक्टरांना विचारा" एवढंच सांगतील.

वय २७. उजव्या डोळ्याचा नंबर −७.५, डाव्याचा −८, सिलेंडर किरकोळ. नंबर बरेच दिवस वाढलेला नाही. कॉन्टॅक्ट लेन्स आता सहन होत नाहीत, दुपारनंतर डोळे लालभडक. म्हणून लेसरने नंबर घालवायच्या ऑपरेशनचा (लेसिक किंवा स्माईल) विचार. पुण्यातल्या एका दवाखान्यात तपासण्या झाल्या: बुबुळाची जाडी ५३८ मायक्रॉन, टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा) नॉर्मल, डोळ्याची लांबी २६.५ आणि २६.८ मिमी. तिथल्या काउन्सेलर बाईंनी लगेच पॅकेजचा कागद पुढे सरकवला.

मी पडद्याच्या डॉक्टरांना वेगळं दाखवलं. त्यांनी ओसीटी-अँजिओ (पडद्यातल्या रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) काढली आणि म्हणाले, कोरॉइड (पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर) पातळ आहे, रक्तवाहिन्यांची घनताही थोडी कमी दिसते, जास्त नंबरात असं असतंच, काळजी नको. बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली, पुढचं काही विचारता आलं नाही.

घरी येऊन वाचलं तर कळलं की लेसिकमध्ये डोळ्याला सक्शन लावतात आणि तेवढ्या वेळात आतला दाब खूप वाढतो. आधीच रक्तपुरवठा कमी असलेल्या डोळ्याला हे झेपतं का? की उलट नंबर गेल्यावर रक्तप्रवाह सुधारतो? एका ओळखीच्या काकूंनी तसं ठासून सांगितलंय. आणि हो, आईला काचबिंदू आहे, रोज थेंब घालते. त्याचा इथे संबंध येतो का?

चष्मिष्ट

माझा −५ होता, लेसिक करून चष्मा गेला, मस्त चाललंय. एवढा विचार करू नका, डोळे मिटून करा :)

ऑप्टोम_मिरजकर

चष्मिष्ट, −५ आणि −८ मध्ये फरक आहे हो.

ताई, मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. या तपासण्या करण्यात माझा दिवस जातो, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

आधी काकूंचं. नंबर जातो म्हणजे बुबुळाचा आकार बदलतो, डोळा आखूड होत नाही. तुमचा डोळा २६.८ मिमी आहे, सर्वसाधारण डोळा साडेतेवीस-चोवीसच्या आसपास असतो. डोळा मागच्या बाजूने लांबतो तसे पडदा आणि त्यामागची कोरॉइड ताणून पातळ होतात. डोळ्यातल्या रक्ताचा बहुतांश भाग, साधारण ८० ते ८५ टक्के, या कोरॉइडमधूनच वाहतो आणि पडद्याच्या बाहेरच्या थरांचं पोषण तिच्यावर चालतं. तुमच्या रिपोर्टमधली कमतरता या लांबीतून आलेली आहे. लेसर बुबुळावर चालतो आणि बुबुळात रक्तवाहिन्याच नसतात. तेव्हा चष्मा सुटल्यावरही डोळा आतून −८ चाच राहणार. रक्तप्रवाह सुधारेल ही आशा सोडा.

लहान मुलांना कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब दिल्यावर कोरॉइड किंचित जाड होते असं दिसलं आहे. काकूंनी बहुधा तेच कुठेतरी ऐकलं असावं. तो वाढत्या डोळ्याचा विषय, २७व्या वर्षी नाही.

आता सक्शन. डोळ्याचा दाब एरवी १० ते २१ (मिमी पारा) असतो. ब्लेडने फ्लॅप (बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा) कापायच्या जुन्या पद्धतीत रिंग लावून तो ६५ च्या वर नेतात. एवढ्या दाबाला पडद्याच्या मुख्य धमनीतलं रक्त जवळजवळ थांबतं, म्हणून पेशंटला काही क्षण पूर्ण अंधार दिसतो. हे मिनिटभराच्या आत आटोपतं आणि निरोगी पडदा तेवढं सोसतो. फेम्टोसेकंद लेसरने फ्लॅप करताना आणि स्माईलमध्ये (यात फ्लॅप न उघडता बारीक छेदातून काम होतं) दाब त्यामानाने कमी ठेवतात, त्यामुळे तसा पूर्ण अंधार सहसा होत नाही. पीआरकेमध्ये (फ्लॅप न करता बुबुळावर वरूनच लेसर) सक्शन नसतंच, पण −८ ला पीआरके म्हणजे बुबुळावर धूसरपणा येण्याचा धोका, वर पहिले तीन-चार दिवस सणसणीत दुखणं.

ऑपरेशननंतर ओसीटी-अँजिओ काढून अनेकांनी अभ्यास केले आहेत. काहींत पहिल्या काही दिवसांत घनतेत बारीकसा फरक दिसतो आणि पुढच्या आठवड्यांत तो भरून निघतो, काहींत फरकच दिसत नाही. त्यात एक मेखही आहे. हे मशीन एकाच जागेचे लागोपाठ फोटो घेतं आणि त्यात जे हललं ते रक्त असं धरतं. लांब डोळ्यात आणि बुबुळाचा आकार बदललेल्या डोळ्यात फोटोचं मोजमाप थोडं सरकतं. ऑपरेशननंतर डोळा कोरडा असला तर फोटोच मळकट येतो आणि घनता कमी भरते. दुरुस्ती न करता आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून काही ठरवू नका.

दृष्टी_आड

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त आईच्या काचबिंदूचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते या धाग्यात तोच सगळ्यात मोठा आहे.

जवळच्या नात्यात काचबिंदू आणि स्वतःचा नंबर जास्त, म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजूंनी धोका. शिवाय अशा लोकांत स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब चढण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि ऑपरेशननंतर ते थेंब द्यावेच लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे बुबुळ पातळ झालं की दाब मोजणारं यंत्र कमी आकडा दाखवतं. खरा दाब २२ असेल आणि कागदावर १७ येईल, सगळे खूश. पातळ कोरॉइडचा डोळा मिनिटभराचं सक्शन सोसेल, पण वर्षानुवर्षं लक्षात न आलेला दाब डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खातो. म्हणून आधी त्या नसेचा ओसीटी स्कॅन आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूची नजर तपासणारी चाचणी) करून घ्या. काउन्सेलरला सांगून भागणार नाही, सर्जनसमोर बसून "आईला काचबिंदू आहे" हे वाक्य म्हणा आणि ते केसपेपरवर लिहिलं गेलंय ना ते बघा.

सातारी_तर्री

खूप आभार! फील्ड टेस्टबद्दल मला कुणीच बोललं नव्हतं. मग आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) बरं का? त्यात बुबुळ पातळ होत नाही ना?

ऑप्टोम_मिरजकर

होत नाही, आणि फ्लॅपसाठीचं सक्शनही नाही. −८ ला बरेच सर्जन तो पर्याय मांडतात. पण लेन्स डोळ्याच्या आत बसते, त्यामुळे पुढच्या कप्प्याची खोली पुरेशी लागते, साधारण २.८ मिमी किंवा जास्त. तुमच्या रिपोर्टवर एसीडी म्हणून आकडा असेल, बघा. ऑपरेशनच्या पहिल्या दिवशी ऑपरेशनवेळी आत घातलेल्या जेलमुळे दाब वाढू शकतो, म्हणून त्या संध्याकाळी तपासणीला बोलावतात. ती चुकवू नका. खर्च लेसरपेक्षा बराच जास्त.

लेसरच करायचं ठरलं तर हिशोब विचारून घ्या. ६ मिमीच्या भागात एका नंबरमागे ढोबळमानाने १२ मायक्रॉन जातात, प्रत्यक्षात बहुतेक मशिनवर त्याहून जास्त. −८ ला शंभर-सव्वाशे, वर फ्लॅपचे ११०. तुमच्या ५३८ मधून खाली ३०० च्या आसपास उरतात. बसतं, पण ऐसपैस नाही.

दृष्टी_आड

बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा तपासल्या का? लॅटिस (पडद्याच्या कडेचा विरळ झालेला भाग) किंवा छिद्र असेल तर बहुतेक डॉक्टर आधी त्याचं बघतात, गरज वाटली तर बॅरेज लेसर (त्याभोवती लेसरचं कुंपण) करतात, मग नंबरचं ऑपरेशन. ते झाल्यावरही वर्षातून एकदा हे करायचंच. मध्येच विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी जायचं.

सातारी_तर्री

कडा तपासल्यात, डाव्यात लॅटिस आहे, छिद्र नाही म्हणाले. एसीडी ३.१ लिहिलंय. पुढच्या आठवड्यात आईच्याच काचबिंदूच्या डॉक्टरांकडे फील्ड टेस्टची वेळ घेतली आहे, ती झाल्याशिवाय पॅकेजला हात लावत नाही.

ऑप्टोम_मिरजकर

छान. अजून एक काम: ऑपरेशनआधीचा नंबर, केराटोमेट्रीचे (बुबुळाच्या वक्रतेचे) आकडे, बुबुळाची जाडी आणि दाब या सगळ्याची प्रत मागून घरी फाइलला लावा. तीस वर्षांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना लेन्सचा नंबर काढायला हे आकडे शोधत बसावं लागतं, आणि तोवर दवाखान्याकडे जुने कागद नसतात.