मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटारवर चारुकेशी रागाची मींड जमत नाहीये

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटार तीन वर्षं वाजवतोय, अलंकार पक्के आहेत. सध्या ई हा षड्ज (सा) धरून चारुकेशीत फ्यूजन इम्प्रोव्हायझेशन करतोय. स्वर ए मेलडिक मायनर या पाश्चात्त्य स्केलचेच, पाचव्या स्वरापासून सुरू केलेले. कागदावर कळतं, हातात उतरत नाही.

मुख्य अडचण गंधारावरून पंचमापर्यंतची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं). तार दीड टोन ओढावी लागते, आणि ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो भाग) तरंगता, म्हणजे स्प्रिंगवर हलणारा असल्यामुळे एक तार ओढली की बाकीच्यांचा सूर उतरतो. खालचा ई ड्रोन (सतत वाजणारा आधार स्वर) म्हणून वाजत असेल तर मग विचारूच नका! ०.०१० काढून ०.००९ चा, म्हणजे बारीक तारांचा सेट लावला. ओढणं सोपं झालं, सूर उतरणं तसंच. करंगळीत स्लाइड (तारेवर सरकवायची नळी) घालून पाहिली, नुसती खडखड. ब्रिज लाकडी ठोकळ्याने अडवता येईल, पण मग ब्रिजच्या बारने (दांडीने) काढतो ते आंदोलन जाईल.

दुसरं, कीबोर्डवाला मित्र ई वरून ए मायनर कॉर्डला गेला की माझा कान ए लाच षड्ज मानतो. नुसत्या तानपुऱ्यावर असं होत नाही.

तारा जुन्या नाहीत (नागपुरात कूलरच्या दमट हवेत गंजतात, म्हणून महिन्याला बदलतो). धरमपेठेत भाड्याची खोली, रात्री हेडफोनवर पाऊण तास मिळतो. नवी गिटार परवडणार नाही.

तर ब्रिज अडवूच का, की तरंगता ठेवून ड्रोन सुरात ठेवायची काही युक्ती आहे? आणि ए मायनर वाजत असताना कोणत्या स्वरावर न्यास केला (थांबलो) तर ई चा षड्ज कानातून सुटणार नाही?