भिंतीवर आदळून परतणाऱ्या चेंडूच्या संवेगात किती बदल होतो?

प्रश्न: १५० ग्रॅम वस्तुमानाचा चेंडू ताशी ७२ किलोमीटर वेगाने भिंतीवर काटकोनात आदळतो आणि ताशी ५४ किलोमीटर वेगाने त्याच रेषेत परत फिरतो, तर त्याच्या संवेगात किती बदल होईल, असे उदाहरण आहे. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार करून मला आधीचा संवेग ३ आणि नंतरचा २.२५ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद मिळाला. वजाबाकी ०.७५ येते, पण पुस्तकातील उत्तर ५.२५ आहे. आकडेमोड तीनदा तपासली. चूक कुठे असावी?

उत्तर १: आपली आकडेमोड बिनचूक आहे. ग्रॅमचे किलोग्रॅम करणे आणि ताशी किलोमीटरला ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंद काढणे, जिथे बहुतेकांचे गाडे अडते, ते आपण नीट केले आहे. राहून गेली ती दिशा. संवेग ही सदिश राशी, म्हणजे मूल्यासोबत दिशाही असलेली राशी, असल्यामुळे भिंतीकडे जाणारी दिशा धन मानली, तर परतीचा वेग उणे १५ आणि परतीचा संवेग उणे २.२५ होतो. बदल म्हणजे अंतिम संवेगातून आरंभीचा संवेग वजा करणे, म्हणून उणे २.२५ वजा ३, अर्थात उणे ५.२५. पुस्तकाने केवळ परिमाण दिलेले दिसते. माझ्या मते चिन्हही द्यायला हवे होते.

आपले ०.७५ हे उत्तर एका वेगळ्याच उदाहरणाचे आहे: चेंडू पातळ पडदा फाडून, दिशा न बदलता, २० ऐवजी १५ मीटर प्रति सेकंद वेगाने पुढे गेला असता, तर तेच बरोबर ठरले असते. परत फिरवण्यासाठी भिंतीला चेंडू आधी पूर्ण थांबवावा लागतो आणि मग उलट दिशेने ढकलावा लागतो. ही दोन्ही कामे ०.०१ सेकंदात झाली असे धरले, तर सरासरी बल ५२५ न्यूटन येते.

प्रश्नकर्ता: चिन्हाचा मुद्दा समजला. पण संवेग अक्षय्य राहतो ना? मग हे ५.२५ गेले कुठे?

उत्तर २: भिंतीत, आणि भिंत जमिनीत रोवलेली असल्याने तिच्यामार्फत पृथ्वीत. अक्षय्यतेचा नियम बाह्य बल नसलेल्या संपूर्ण संहतीला, म्हणजे इथे चेंडू, भिंत आणि पृथ्वी यांच्या एकत्रित समूहाला, लागू पडतो, एकट्या चेंडूला नाही. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्ये इतके किलोग्रॅम आहे, त्याने ५.२५ ला भागल्यास मिळणाऱ्या वेगात दशांशचिन्हानंतर २४ शून्ये येतात आणि मग पहिला अंक. म्हणून गणितात भिंत स्थिर धरलेली चालते.