प्रचाराने मते बदलत नसतील, तर प्रचार कशासाठी?

प्रश्न
१९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतील एका काउंटीत मतदारांच्या वारंवार मुलाखती घेतल्या, तेव्हा प्रचारामुळे बाजू बदलणारे थोडेच निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते. मग सभा, मिरवणुका आणि घोषणा यांना लोकशाहीत प्रतीकापलीकडे काही स्थान आहे का?

प्रतिसाद १
प्रचार फक्त मतदारांसाठी असतो, हे गृहीतकच मला मान्य नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या भिंतींवर दोन हजारांहून अधिक प्रचारलेख सापडले असून, त्यांतील काहींमध्ये उमेदवाराची शिफारस करणाऱ्या स्त्रिया आहेत, ज्यांना स्वतःला मताधिकारच नव्हता. ब्रिटिश नेते ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये स्कॉटलंडमधील मिडलोथियनची संसदेची जागा जिंकली, तेव्हा दोन्ही उमेदवारांना मिळून तीन हजार मतेही पडली नव्हती. परंतु त्यांच्या भाषणांना हजारोंची गर्दी लोटत होती आणि वर्तमानपत्रे ती भाषणे सविस्तर छापत होती. राज्यकर्त्याने आपल्यालाही जाब द्यायचा असतो, ही जाणीव मताधिकाराच्या आधी अशा सभांतूनच रुजली असावी.

प्रतिसाद २
आपण रंगवलेले चित्र जरा जास्तच उजळ आहे. रोमन उमेदवार खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा नेसून मते मागत फिरे आणि त्या शुभ्रतेवरूनच ‘कँडिडेट’ हा शब्द आला. म्हणजे चुना फासणे मुळापासूनचेच! १८४० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांना लाकडी ओंडक्यांच्या झोपडीतला साधा माणूस म्हणून मिरवले गेले. प्रत्यक्षात ते व्हर्जिनियातील सधन जमीनदार घराण्यातले होते आणि त्यांच्या वडिलांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. लोकांनी त्यांना निवडूनही दिले.

प्रतिसाद ३
सोंग असते हे खरे, पण चिलीतील १९८८ चे सार्वमत पाहावे. पिनोशे यांच्या हुकूमशाहीत, त्यांनी सत्तेवर राहावे की नाही या प्रश्नावर घेतलेल्या या मतदानाआधी, दोन्ही बाजूंना दूरचित्रवाणीवर सलग २७ दिवस, रात्री उशिरा, प्रत्येकी १५ मिनिटे मिळाली. विरोधकांनी तिथे केवळ अत्याचारांचा पाढा न वाचता आनंदाची गाणी आणि इंद्रधनुष्य दाखवले. पिनोशे नकोत, असे ज्यांचे मत आधीच होते, त्यांनाही आपण एकटे नाही हे त्यामुळे उघडपणे दिसले, आणि सुमारे ५६ टक्के मते ‘नाही’ला पडली.

प्रश्नकर्ता
म्हणजे लाझार्सफेल्ड यांना दिसलेले ‘मत पक्के होणे’ मी उगाच क्षुल्लक मानले. हॅरिसन यांच्या झोपडीचे उत्तर मात्र अजून कोणी दिलेले नाही.